दुधीचं लग्न

मेमध्ये थंडी एकदाची गेली तेव्हा एडिसनच्या ओक ट्री रोडवरून आणलेल्या बियांचं दुधीचं रोप मी हौसेने बॅकयार्डात लावलं, इथून आमचे भोग सुरू झाले. आई एप्रिलातच सांगलीहून न्यू जर्सीला आली होती, त्यामुळे सुपरव्हिजन फुकट.

जून गेला, जुलै गेला. वेल कुंपणावर चढला, गराजवर गेला, शेजाऱ्याच्या बास्केटबॉलच्या खांबाला मिठी मारून आला, पांढरीशुभ्र फुलं ढिगाने, आणि दुधी एकही नाही. आई रोज वाकून देठ तपासायची आणि जाहीर करायची, "सगळे नरच मेले! नुसता पसारा, काम शून्य." हे बोलताना ती माझ्याकडे का बघायची ते फक्त बायकोला कळायचं.

ऑगस्ट सरला, दिवस आखूड व्हायला लागला आणि मादी फुलं दिसायला लागली, मागे बोटभर दुधी घेऊनच येतात ती. पण दोन दिवसांत पिवळी पडून टपाटप गळायची, कारण हे फूल उमलतं संध्याकाळी, तोवर मधमाश्यांची ड्यूटी संपलेली. मग आईनेच मनावर घेतलं. रोज रात्री आठला गाऊनवर माझं जॅकेट घालून आई पुढे, मोबाईलचा टॉर्च धरून मी मागे. ती नर फूल खुडणार, पाकळ्या सोलणार, मादी फुलाला अलगद टेकवणार आणि वर खणखणीत आवाजात "शुभमंगल सावधान!" खिडकीतून चिरंजीव, यंदा नववी, "आज्जी, प्लीज हळू, पलीकडे माझ्या वर्गातली मुलगी राहते."

लग्नं जरा जास्तच यशस्वी झाली. सप्टेंबरात एका शनिवारी अकरा दुधी निघाले. भाजी, कोफ्ते, हलवा, थालीपीठ, सालांचीसुद्धा चटणी. पोरगा डब्यातला पराठा उजेडात धरून बघायला लागला. मित्राकडच्या गणपतीला दोन दुधी पिशवीत घालून मोठ्या आशेने गेलो, तर चपलांच्या रॅकपाशी आधीच पाच पिशव्या आणि प्रत्येकीतून एकेक हिरवी मान बाहेर. येताना वहिनींनी चार दिले. "आई आल्यात ना, हलवा करा."

ऑक्टोबर लागला आणि आईला एअरपोर्टवर सोडून आलो. घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेवढ्यात गेटवरून तिचा फोन. पोचलास का वगैरे काही नाही, डायरेक्ट, "रात्री कडाक्याची थंडी आहे, ३६ फॅरनहाइट दाखवतायत, वेलावर जुनी चादर घाल. आणि गराजच्या बाजूला दोन फुलं उमलणारेत, तेवढं उरकून घे."

एका हातात चादर, एका हातात नर फूल, टॉर्च दातात, अशा अवस्थेत मी शिडीवर उभा होतो. दार वाजलं. पोरगा हुडी चढवून आला, माझ्या तोंडातला टॉर्च काढून घेतला, हुडीला पुसला, पलीकडच्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि पुटपुटला, "सावडान. चल बाबा, लवकर."