बफेलोत घर घेताय? आधी ओसरीवर विचारा

पोरगं अमेरिकेतल्या बफेलो शहरात घर पाहायला लागलं, की त्याला एकट्याला पाहू देऊ नका. तिथं त्याच्यासोबत बायको असेल, एजंट असेल, वकील असेल, कर्ज देणारी बँक असेल. पण घर पसंत करणं हे अनुभवी माणसांचं काम, आणि अनुभवी माणसं सगळी आर्वी तालुक्यातल्या ओसरीवर बसलेली आहेत. त्यांच्यातल्या कोणीच बर्फ पाहिलेला नाही, लग्नात मठ्ठ्याच्या ड्रमात फोडून टाकतात ती लादी सोडली तर. हे मनावर घेऊ नका. मोठ्या बाबांनी आजवर कोणत्या गोष्टीवर सल्ला देण्याआधी ती गोष्ट पाहिली होती?

वेळ तेवढी सांभाळा. तिकडं रविवारी सकाळी अकराला घर दाखवायला ठेवलेलं असलं, तर हिवाळ्यात आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. जेवणं आटोपलेली, सोयाबीनच्या भावाला शिव्या देऊन झालेल्या, माणसं मोकळीच. फोन मोठ्या बाबांच्या हाती द्या, बाकीच्यांनी मागून मुंडकी घालावीत, आणि पोराला हुकूम सोडावा, "पहिले किचन दाखव."

किचन पाहून भुलायचं असतं, हा पहिला नियम. पांढरीशुभ्र कपाटं, क्वार्ट्झचा ओटा, स्टीलचा दोन दारांचा फ्रिज, खाली राखाडी विनाइलच्या पट्ट्या. जाहिरातीत 'पूर्ण अपडेटेड' लिहिलेलं असतं. घर 1956 सालचं असलं तरी चालेल. कोणीतरी ते स्वस्तात घेतलं, दर्शनी दोन खोल्या चकाचक केल्या, बाथरूमला टाइल्स मारल्या आणि काही महिन्यांत चढ्या भावानं विकायला काढलं, एवढाच इतिहास. त्यात खोदकाम करायचं नाही. आत्या मधेच विचारेल, "फोडणीचा धूर कुठून जाते बाहेर?" तिला गप्प करा. तिथल्या पुष्कळ घरांत शेगडीवर जो मायक्रोवेव्ह टांगलेला असतो, तो धूर ओढतो आणि गाळून पुन्हा घरातच सोडतो. थंडीसाठी खिडक्या गच्च बंद. हिंगाची फोडणी पुढचे तीन दिवस कोटांना येत राहील. पण ओटा पाहा ना, किती चकाकतो!

खाली तळघरात उतरायला पोराला अजिबात सांगू नका. तिथं घराचं खरं वय बसलेलं असतं. घर तापवणारी फर्नेस पंधरा-वीस वर्षांत थकते, पाण्याचा हीटर त्याहून आधी, छपरावरचे डांबरी शिंगल वीस-पंचवीस वर्षांत. विजेचं पॅनेल जुनं 100 अँपिअरचं आहे की नवं 200 चं, हे त्याचं झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. घर 1978 च्या आधीचं असलं, तर रंगाच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं, कारण तसा रंग अमेरिकेत त्या वर्षी बंद झाला. यातलं फोटोत काहीच दिसत नाही, म्हणजे काहीच नाही.

ओसरीच्या टोकाला मिस्त्री बसलेला असतो. तो आपला सहज आलेला, उद्याच्या मजुरीचं बोलायला. तो विचारतो, "पाया किती खोल हाय?"

याला उत्तर देऊ नका. तसा प्रश्न बरोबर आहे, तीच तर अडचण आहे. बफेलोची जमीन हिवाळ्यात वरून खाली गोठत जाते. ओली माती गोठली की फुगते आणि वर जे असेल ते उचलते. म्हणून तिथं पाया साडेतीन-चार फुटांखाली न्यावा लागतो. मुख्य घराला तळघर असतं, त्यामुळे ते सहसा वाचतं. मागाहून जोडलेला पोर्च, डेक, ज्याचे खांब वरवर रोवलेले, ते दरवर्षी थोडे थोडे तिरके होतात. मिस्त्रीनं बर्फ पाहिला नाही, पण काळी माती पावसाळ्यात फुगताना आणि मे महिन्यात पाय जाईल एवढी भेगाळताना पाहिली आहे. मुरूम लागेस्तोवर खणलं नाही तर भिंत तडकते, हे त्यानं तुम्हाला तुमच्याच घराच्या वेळी सांगितलं होतं. तेव्हा ऐकलं नाही, आता कशाला ऐकता?

उपनगर कोणतं घ्यावं, यावर मात्र ठाम बोला. इरी सरोवर बफेलोपासून पश्चिम-नैर्ऋत्येला लांब पसरलेलं आहे. थंड वारा त्या उबदार पाण्यावरून लांबच लांब वाहत येतो, वाफ उचलतो आणि किनारा लागला की अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. तो पट्टा बहुतेक वेळा शहराच्या दक्षिणेकडच्या गावांवर बसतो. नोव्हेंबर 2014 मध्ये दक्षिणेला पाच फुटांच्या वर बर्फ पडला आणि उत्तरेला काही इंच. बैलाचं एक शिंग ओलं आणि एक कोरडं, तसा प्रकार. नोव्हेंबर 2022 मध्ये दक्षिणेकडच्याच ऑर्चर्ड पार्कमध्ये सुमारे 80 इंच साचला. तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर उत्तरेला, सहसा त्या पट्ट्याबाहेर, ॲमहर्स्ट हे उपनगर आहे. घर घेणारा शहाणा माणूस हा नकाशा आधी पाहतो. तुम्ही पाहू नका. मामाच्या साल्याचा पोरगा ऑर्चर्ड पार्कात राहतो ना? मग तेच गाव. अडीअडचणीला आपलं माणूस जवळ हवं. दोघंही एकाच वेळी बर्फाखाली गाडले गेले तर कोण कोणाच्या अडचणीला जाईल, हा कुत्सित प्रश्न झाला.

(एवढं मात्र चेष्टेबाहेर सांगतो. 2022 च्या नाताळातल्या बर्फवादळात त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. कोणी गाडीत अडकून, कोणी घरातच, ॲम्ब्युलन्स पोचू न शकल्यानं. घर कुठं घ्यावं हा तिथं नुसता हौसेचा सवाल नाही.)

आता वास्तू. पोरानं होकायंत्र लावून दाखवावं आणि दार दक्षिणेला निघालं की मोठ्या बाबांनी तिथंच मान हलवावी. दक्षिणमुखी घर म्हणजे यमाचं दार. पूर्वमुखी मिळालं तर उत्तम, उत्तरमुखीला कुबेराची हरकत नसते. फक्त त्या अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच खाली-खालून जातो. दक्षिणेकडचा ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, उन्हानं मोकळा होत राहतो. उत्तरेकडच्या ड्राइव्हवेवर घराचीच सावली, तिथला बर्फ दगड होऊन बसतो. पोरगं रोज पहाटे फावडं घेऊन कुबेराची सेवा करील. आणि त्यानं रस्त्यापर्यंत साफ केला, की पालिकेचा नांगर येऊन रस्त्यावरचा सगळा बर्फ ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून जाईल. व्यायाम होतो.

छपराच्या बाबतीत तर तुमची नजर फारच उपयोगी. पोरगं गल्ली दाखवतं, तेव्हा सगळ्या घरांच्या छपरांवर फूटभर बर्फ असतो आणि एकाच घराचं छप्पर कोरडं, वर कडेनं काचेसारख्या बर्फाच्या लांबच लांब काड्या लोंबताहेत. ओसरी एका आवाजात म्हणते, "हेच घर घे बाप्पा! याच्यावर तं बर्फच थांबत नाही!" बरोबर. थांबत नाही, कारण पोटमाळ्यात ऊब अडवणारं इन्सुलेशन नाही. महागड्या गॅसनं तापवलेली घरातली ऊब छतातून वर जाते, बर्फ वितळतो, पाणी ओघळत थंड कडेशी येऊन पुन्हा गोठतं, बांध तयार होतो आणि त्यामागं साचलेलं पाणी शिंगलखालून घरात शिरतं. ज्या घरावर बर्फ मुकाट्यानं पडून राहतो, ते घर ऊब आत धरून असतं. पण असली उलटी गोष्ट आपल्याला शोभत नाही. आपण मे महिन्यात 46 अंशांत दारं-खिडक्या उघडून कूलर लावणारी माणसं. हवा खेळती पाहिजे. पोराला सांगा, घराला झरोके आहेत का ते पाह्य.

पोरानं घर तपासणारा इन्स्पेक्टर लावायचं म्हटलं तर खर्च वाचवा. झिलो या घरांच्या संकेतस्थळानं 2024 आणि 2025 अशी दोन्ही वर्षं बफेलोला देशातला सर्वांत गरम घरबाजार ठरवलं होतं (बर्फाच्या शहराला हा मान मिळावा, हे छान), आणि अशा बाजारात घाईनं बोली लावणारे तपासणीच सोडून देतात. आपलं पोरगं मागं का राहावं? पूर्वी न्यूयॉर्क राज्यात विकणारा घरातल्या दोषांचा फॉर्म भरायचं टाळून 500 डॉलरची सूट देऊन सुटत असे. मार्च 2024 पासून ती पळवाट बंद झाली, फॉर्म भरावाच लागतो. त्यामुळं पोराला तो वाचायचा मोह होईल. इंग्रजीत आहे, वाचेल बिचारा, पण तोवर घर दुसऱ्यानं नेलेलं असेल, अशी भीती घाला.

करांचं थोडक्यात: टाऊन-काउंटीचा, म्हणजे गाव-जिल्ह्याचा, वेगळा, शाळेचा वेगळा, घरात शाळेत जाणारं कोणी नसलं तरी. पोरगं आकडा सांगेल तेव्हा आपल्या ग्रामपंचायतीची थकलेली घरपट्टी आठवून कोणी हसू नये.

कर्ज तीस वर्षांचं असतं. नोकरीचा व्हिसा तीन वर्षांचा, पुढं वाढवून सहा. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. हा हिशेब ओसरीवर कोणी मांडला, तर त्याला 'अपशकुनी' म्हणून उठवून लावा. गावात पीककर्जाचं नवं-जुनं करत आयुष्य काढलेल्या माणसांना मुदतीची भीती कोण दाखवतो?

मग येते तुमची खोली. पोरगं मोठ्या प्रेमानं सांगतं, "बाबा, हे बेसमेंट तुमच्यासाठी." पलंग, टीव्ही, वेगळं बाथरूम, सगळं केलेलं. खिडकी नाही. नियमानं तळघरातल्या झोपायच्या खोलीला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी लागते. तिच्याशिवाय ती बेडरूम म्हणून मोजता येत नाही. जन्मभर अंगणात बाज टाकून झोपलेल्या माणसानं याबद्दल तक्रार करू नये. तसंही तुम्ही जाणार कधी? बर्फ नसतो तेव्हा इकडं पेरणी असते. पेरणी आटोपली की डवरणी, फवारणी. कापूस वेचायला येतो तेव्हा तिकडं पहिला बर्फ पडतो, तूर निघेस्तोवर तो पडतच असतो. पण खोली पाहिजे. तिच्यासाठी घराची किंमत वाढली तरी चालेल.

याची परतफेड तुम्ही इकडं केलीच आहे. वानरांनी कवेलू फोडले म्हणून जुनं घर उतरवलं, पोरानं पैसे पाठवले, स्लॅब पडला, वर एक खोली त्याच्यासाठी. एसी, कमोड, गिझर, नातवासाठी कार्टूनचे पडदे. कुलूप लावून चावी देवाजवळ. पोरगं आलं तेव्हा दोन दिवस राहिलं, तेही खाली कूलरसमोर, कारण वर व्होल्टेज पुरत नव्हतं. स्लॅबला वॉटरप्रूफिंग करा म्हणून मिस्त्री सांगत होता. ते पैसे तुम्ही गेटवरच्या नावाच्या पाटीला घातले. आता पावसाळ्यात त्या खोलीत परात ठेवावी लागते. दोन्ही घरांत एकमेकांसाठी एकेक खोली रिकामी ठेवायची, हा आपल्यातला सगळ्यात खर्चिक लाड आहे, आणि तो बंद करायला मी तुम्हाला सांगणार नाही. ऐकणार कोण?

तर शेवटच्या फोनला पोरगं तळघर दाखवताना कोपऱ्यातला एक खड्डा दाखवेल. त्यात पंप. बर्फ वितळला की जमिनीतलं पाणी तिथं गोळा होतं आणि पंप ते आपोआप बाहेर फेकतो. सगळे वाहवा करतील. मोठे बाबा विचारतील, किती एचपीचा? आणि मिस्त्री टोकावरून म्हणेल, "वादळात लाईन गेली तं हा पंप कशावर चालते?"

पोरगं गप्प होईल. एजंटकडं बघेल. बॅटरीवरचा दुसरा पंप आहे का, हे त्याला, त्याच्या बायकोला, वकिलाला कोणालाच विचारायचं सुचलेलं नसतं. हा क्षण लांबू देऊ नका. मोठ्या बाबांनी लगेच फोन तोंडाजवळ घ्यावा आणि विचारावं, किचनशेजारच्या पँट्रीत देवघर बसते का, फुटपट्टी लावून सांग. मिस्त्रीला सांगा, मजुरीचं उद्या बोलू.