ओ मामा, बिबट्या कुठंय?

मी वनखात्यात नाही. कधीच नव्हतो. वडील पोस्टात होते, मी बँकेत आहे, आणि आमच्या अख्ख्या खानदानात खाकी कुणी घातली असेल तर ती आत्तेभावाने, एनसीसीत, तीही दोन वर्षं आणि मुख्यतः परेडनंतरच्या नाश्त्यासाठी. हे इतकं ठासून सांगतोय कारण गेल्या रविवारी हेच मी किमान तीस लोकांना सांगितलं आणि एकानेही विश्वास ठेवला नाही.

मूळ दोष कपड्यांचा. चारकोपला राहून बावीस वर्षं झाली, बोरिवलीचं नॅशनल पार्क रिक्षाने अर्ध्या तासावर, आणि आम्ही जंगल बघायला जाणार कुठे तर ताडोबाला, तेही तीन महिने आधी बुकिंग करून. म्हणून म्हटलं, आता महिन्यातून एक रविवार तरी पार्कात पायी फिरायचं, आणि एकदा ठरवलं की मराठी माणूस आधी खरेदी करतो. ऑनलाइन सेलमध्ये शर्ट घेतला, त्याचा रंग तिथे ‘डेझर्ट सँड’ लिहिला होता, घरी आला तो शुद्ध खाकी. पँट हिरवट, तिला सहा खिसे, त्यातल्या चारांत काय ठेवायचं ते अजून कळलेलं नाही. गोल टोपी, गळ्यात दुर्बीण, घोट्यापर्यंत बूट. निघताना बायको म्हणाली, “रुबाबदार दिसतोयस.” मी खूश. दार लावल्यावर ती किती वेळ हसली असेल याचा हिशोब मी आता करतोय.

पार्क छान आहे, त्याबद्दल वादच नाही. १०४ चौरस किलोमीटर जंगल, एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला ठाणे, मध्ये तुळशी आणि विहार. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, मुंबईच्या नळाला त्यांचं पाणी अजून येतं, आणि आमच्या सोसायटीत दुपारी पाणी गेलं की सेक्रेटरी या दोन तलावांवर असं तोंडसुख घेतात जणू ते तलाव मेंटेनन्स थकवून बसलेत. जुने लोक याला अजून कृष्णगिरी उपवन म्हणतात. कान्हेरी हे त्या कृष्णगिरीचंच झालेलं रूप. पार्कातल्या शिलोंढ्याच्या पायवाटेला परवानगी लागते, सोबत माणूस लागतो, म्हणून मी आपला कान्हेरीच्या डांबरी रस्त्याने निघालो, गेटपासून सहा-सात किलोमीटर. फेब्रुवारी, सागाची पानं खाली पडून पापडासारखी वाजतायत, काटेसावर लाल झालेली, एकूण मूड उत्तम.

आणि मग मी शिटी वाजवली.

हल्लीच्या सॅकला छातीवर जो पट्टा असतो ना, त्याच्या बकलातच एक चिमुकली शिटी असते, डोंगरात हरवलात तर वाजवायला. तर पुलाच्या कठड्यावर चार पोरं माकडांना वेफर्स भरवत होती. माकडाला माणसाने भरवलं की ते भरवून घेत नाही, वसूल करायला लागतं, आणि वसुली पुढच्या माणसाकडून होते, आणि पुढचा माणूस मी होतो, माझ्या सॅकमध्ये मेथीचे ठेपले होते. त्यामुळे निसर्गप्रेम आणि स्वार्थ अशा दोन्ही कारणांनी मी ती शिटी फुंकली आणि ओरडलो, “ए, खायला घालायचं नाही त्यांना! उचला ते पाकीट!”

पोरांनी पाकीट उचललं. एक तर “सॉरी सर” म्हणाला.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बँकेत मी इतकी वर्षं आहे, माझ्या सांगण्यावरून कुणी साधी स्लिप नीट भरलेली नाही. पण त्या एका शिटीने मी कायमचा नोकरीला लागलो. पुलावरचे सगळे बघत होते. पुढच्या अर्ध्या तासात मला टॉयलेट कुठे, सायकल कुठे भाड्याने मिळते, कान्हेरीची बस कितीला, सिंह आज आहेत का, हे सगळं विचारून झालं, आणि माझी दुसरी चूक अशी की मला उत्तरं येत होती. मी ती दिली. हाताने दिशा दाखवून दिली. एका बाईला तर सोमवारी पार्क बंद असतं हेही न विचारता सांगितलं.

तरी सुटलो असतो. रस्ता सोडून थोडं आत एका ओढ्याशी दगडावर जाऊन बसलो. पाणी आटत आलेलं, एकच डबकं शिल्लक, वर बांबू. आणि बसून वीसेक मिनिटं झाली असतील नसतील, तो आला. स्वर्गीय नर्तक पक्षी. नर, पांढराशुभ्र, डोकं काळं चकचकीत, आणि शेपटीच्या दोन लांब फिती, त्याच्या अंगापेक्षा कितीतरी लांब. तो बांबूवरून सुटायचा, डबक्यात छातीपुरतं बुडायचा, परत फांदीवर, आणि फिती त्याच्यामागून एक क्षण उशिरा पोचायच्या, शाळेला उशीर झालेल्या दोन मुली पळत याव्यात तशा. तिसऱ्या डुबकीला पाण्याचे थेंब मला दुर्बिणीतून मोजता आले असते. मी श्वास धरून बसलो होतो.

“ओ मामा!”

गेला. फिती सगळ्यात शेवटी गेल्या.

मागे वळून बघतो तर काका. सत्तरीचे. कानटोपी, कडक इस्त्रीचा झब्बा, खाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, आणि मागे उतरंडीसारखं सगळं कुटुंब, अकरा माणसं, स्टीलचे डबे, एक फोल्डिंग खुर्ची. मुंबईत हवालदाराला मामा म्हणतात हे मला मान्य आहे, पण सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला सत्तर वर्षांचा भाचा मिळावा म्हणजे जरा जास्तच होतं.

“ओ मामा, बिबट्या कुठल्या साइडला?”

“काका, मी इथला नाही.”

“मग कुठून बदली होऊन आलात?”

मी म्हटलं, बदली नाही, मी पक्षी बघायला आलोय. काका मागे वळून काकूंना म्हणाले, “पक्ष्यांच्या डिपार्टमेंटला आहेत.” मग माझ्याकडे, “असू दे. पण बिबट्या साधारण किती वाजता?”

“तसं काही टायमिंग नसतं त्याचं. रात्री फिरतो जास्त.”

“म्हणजे रात्री तुम्ही इथेच असता?”

“रात्री मी चारकोपला असतो.”

“तिकडे क्वार्टर्स दिलेत वाटतं.”

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्ञान असलं की ते बाहेर पडतंच, आणि मी उभ्या उभ्या त्यांना समजावायला लागलो की इथे पन्नासच्या आसपास बिबटे आहेत, पण ते दिसत नाहीत हेच त्यांचं कौशल्य, कडेच्या वस्त्यांतल्या भटक्या कुत्र्यांवर बरंच पोट भरतं त्यांचं, आरेपासून मुलुंड-ठाण्यापर्यंत माणसांना खेटून राहतात, इथल्या पाड्यांवर वाघोबाची पूजा होते. काका शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, “पन्नास आहेत ना? मग एक तरी सकाळच्या ड्युटीला ठेवा की. आम्ही डोंबिवलीहून दोन ट्रेन बदलून आलोय. अकरा तिकिटं काढलीत.”

मी शेवटचं शस्त्र काढलं. “अहो काका, मी बँकेत आहे. खरंच.”

काकांनी मला टोपीपासून बुटापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं.

“बँकेत? सिक्युरिटीला का?”

यावर उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. अजूनही नाही. शनिवारी रात्री मी तीन कर्जांच्या फायली क्लिअर करून घरी आलो होतो हो. पण त्या फायली काही गळ्यात अडकवून फिरता येत नाहीत.

त्यानंतर फोटो. चार मोबाइलवर, प्रत्येकावर आडवा आणि उभा. मी काढले. प्रत्येक वेळी काकू म्हणायच्या, “मामा, बोट येतंय तुमचं.” मग पाच वर्षांचा नातू हटून बसला की त्याला वनरक्षकासोबत फोटो पाहिजे. त्याने पाय जोडून मला कडक सॅल्यूट ठोकला आणि, आता लपवून काय उपयोग, माझा हात आपोआप वर गेला. तो क्षण काकांच्या सुनेने टिपला. म्हणजे आत्ता डोंबिवलीतल्या कुठल्यातरी फॅमिली ग्रुपवर मी सलाम ठोकत उभा आहे आणि खाली पंधरा अंगठे आहेत.

निघताना काकांनी खिशात हात घातला, वीसची नोट काढली, चौकोनी घडी केली आणि माझ्या सहा खिशांपैकी एकात स्वतःच्या हाताने सरकवली. “चहा घ्या.” मी नको नको म्हणेपर्यंत खुर्चीसकट वरात पुढे गेलीही होती.

राग नेमका कशाचा आला याचा मी परतीच्या रस्त्यावर विचार करत होतो. पक्षी उडवला त्याचा आला, हे तर सरळ आहे. पण मला वनरक्षक समजले यात अपमान कसला, तो माणूस पहाटेपासून जंगलात पायपीट करतो, मी सेलमधला शर्ट घालून ठेपले खातो. खरं टोचलं ते वेगळंच. पुलावर टोपी, शिटी बघून मी “सर” होतो, ओढ्याशी तेच कपडे बघून “ओ मामा”, आणि दोन तासांत एकाही माणसाने प्रश्न विचारायच्या आधी “जरा ऐकता का” म्हटलं नाही. “ए, टॉयलेट?” एवढंच. क्रियापदसुद्धा नाही. खाकी दिसली की लोकांचं व्याकरण गळून पडतं. आणि मग मला हेही आठवलं की आमच्या बँकेच्या दारात जे बंदूकवाले काका उभे असतात त्यांना मी रोज काय म्हणतो, तर “ओ, शटर.” जाऊ दे.

वाटेत एक खरा वनरक्षक भेटला. तरुण पोरगा, हातात काठी. म्हटलं, हा तरी मला आपल्यातला समजेल. तो लांबूनच म्हणाला, “साहेब, या बाजूने आत जाऊ नका.” मी विचारलं, मी स्टाफचा नाही हे तुला कसं कळलं? तो हसला. “बुटाला माती नाही ना.”

गेटच्या अलीकडे पाड्यावरच्या मावश्या बसतात, बोरं, आवळे, पेरू, काकडी घेऊन. तहान लागली होती. एका मावशीकडे काकडीची प्लेट मागितली, तिने सुरीने चार उभ्या चिरा दिल्या, फुलासारखी उघडली. माझ्या आधीच्या माणसाकडून तिने तीस घेतलेले मी पाहिले होते. मी सुटे शोधतोय, तर म्हणाली, “वीसच द्या. ष्टाफकडून जास्त नाय घेत.”

मी काकांची चौकोनी घडी काढून तिला दिली. छातीवरची शिटी बोटाने जरा आत वळवली आणि म्हटलं, मावशी, तिखटमीठ जरा जास्त लावा.