टोपोलाच्या टीमला पैसा कुणाचा?

2023 च्या गणपतीत, गौरी आल्या त्या रात्रीची गोष्ट. आवराआवर होईपर्यंत साडेबारा वाजले. घर झोपलं आणि मी आवाज बंद करून मोबाइलवर लंडनच्या वेस्ट हॅमची मॅच लावली. युरोपा लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या नंबरची स्पर्धा, तिची पहिली फेरी. समोर टीएससी नावाची सर्बियन टीम. नाव वाचून आधी मला कुठल्या तरी कोचिंग क्लासची आठवण झाली, खोटं कशाला बोलू?

दुसरा हाफ सुरू होऊन दोन मिनिटं होतायत न होतायत तोच पेटार स्टानिचने गोल मारला. लंडनमधलं साठ हजारांचं स्टेडियम गप्प. तीनच महिन्यांपूर्वी कॉन्फरन्स लीग, म्हणजे युरोपातली तिसऱ्या नंबरची स्पर्धा, जिंकलेली टीम आपल्याच घरी मागे पडलेली. पुढे वेस्ट हॅमने तीन गोल घालून मॅच काढली, पण तोवर माझी झोप गेली होती. टीमचं गाव शोधलं तर बाच्का टोपोला. गावात माणसं बारा हजारांच्या आसपास. म्हणजे अख्खं गाव त्या स्टेडियममध्ये चार वेळा बसवलं तरी खुर्च्या उरतील.

दुसऱ्या दिवशी हे कौतुकाने ग्रुपवर टाकलं तर एका मित्राचं एका ओळीत उत्तर आलं: "अरे, ऑर्बानच्या पैशावरच्या उड्या आहेत त्या." ऑर्बान म्हणजे हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान. ही पोस्ट त्या एका ओळीसाठी आहे.

आधी हे मान्य करतो की तो चुकीचं बोलला नाही. टोपोला सर्बियाच्या उत्तरेला, व्होइव्होदिना प्रांतात. हंगेरीची हद्द जवळ. तालुक्यात बहुसंख्य लोक हंगेरियन बोलणारे. क्लब निघाला 1913 मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात, आणि टीएससी म्हणजे टोपोलाई स्पोर्ट क्लब. पुढे महायुद्ध झालं, साम्राज्य मोडलं, 1920 च्या त्रियानोंच्या तहाने हा मुलूख नव्या दक्षिण स्लाव राज्यात गेला. 1941 मध्ये हंगेरीचं सैन्य परत आलं, 1944 मध्ये गेलं. नंतर टिटोचा युगोस्लाव्हिया, आणि तो फुटल्यावर सर्बिया. मैदानातला माणूस जागचा हलला नाही, देशच त्याच्या पायाखालून सरकत राहिले.

2010 मध्ये बुडापेस्टमध्ये ऑर्बान परत सत्तेवर आले आणि शेजारच्या देशांतल्या हंगेरियन लोकांना सहज नागरिकत्व देणारा कायदा झाला. नागरिकत्वाबरोबर मतही आलं. मागोमाग पैसा आला. शाळांना, चर्चना, शेतकऱ्यांना आणि फुटबॉलला. टोपोलाला अकादमी मिळाली, 2021 मध्ये साडेचार हजार खुर्च्यांचं नवंकोरं स्टेडियम मिळालं. ज्या माणसाने स्वतःच्या फेल्चूत गावात, जिथे दोन हजारसुद्धा वस्ती नाही, साडेतीन हजारांहून जास्त लोक बसतील असं लाकडी छताचं स्टेडियम उभं राहू दिलं, त्याला टोपोला म्हणजे किस झाड की पत्ती. मतांसाठी केलं? केलंच असणार. आपल्याकडे निवडणुकीआधी मंडळांना क्रिकेटचे किट वाटतात ते काय प्रेमापोटी?

पण मित्राच्या त्या ओळीत एक गृहीत आहे, ते मला खटकतं. जणू बाकीचे क्लब तिकिटाच्या पैशावर चालतात आणि हा एकटाच दुसऱ्याच्या ताटात जेवतो.

सर्बियात छोट्या गावाचा क्लब कधी तिकिटांवर चाललाय? याच टोपोलात युगोस्लाव्हियाच्या काळापासूनचा क्लब होता, त्याचं नाव एआयके. फोड केली तर शेती-उद्योग समूह. गावातल्या शेतमालाच्या मोठ्या सरकारी कारभाराचं नाव टीमला. साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे टीमच्या बुटांचे पैसे कारखान्याच्या ऑफिसातून यायचे आणि गाळप हंगाम वाईट गेला की बूट दुसऱ्या वर्षीही तेच. लुचानी म्हणून आणखी एक गाव आहे, त्याहून लहान. तिथली म्लादोस्त टीम वरच्या लीगमध्ये खेळते आणि तिच्यामागे उभा आहे दारूगोळ्याचा कारखाना! स्मेदेरेवोची टीम पोलाद कारखान्याची, नावच सार्तिद, कारखान्याचं. 2003 मध्ये त्यांनी देशाचा कप जिंकला आणि त्याच वर्षी कारखाना अमेरिकन कंपनीने घेतला. आज तो क्लब खालच्या लीगमध्ये शोधावा लागतो.

आणि ओबिलिच तर विसरूच नका. बेलग्रेडमधला लहानसा क्लब, 1996 मध्ये आर्कानने हातात घेतला. हा निमलष्करी टोळीचा म्होरक्या, ज्याच्यावर पुढे हेगच्या न्यायालयाने युद्धगुन्ह्यांचे आरोप ठेवले. दोन वर्षांत ओबिलिच चॅम्पियन! युरोपियन फुटबॉलची संघटना युएफाने डोळे वटारले तेव्हा त्याची गायिका बायको त्सेत्सा अध्यक्ष झाली. 2000 च्या जानेवारीत आर्कान हॉटेलात गोळ्या खाऊन मेला आणि क्लब पायरी पायरीने तळाला गेला. 1998 च्या त्या एका विजेतेपदानंतर आजवर बेलग्रेडचे दोन बडे क्लब, रेड स्टार आणि पार्टिझान, सोडून तिसऱ्या कुणाला लीग जिंकता आलेली नाही.

तेव्हा पैसा कुणाचा, हा प्रश्न विचाराच, पण सगळ्यांना विचारा. मी तरी पुढचा प्रश्न विचारतो: पैसा गेल्यावर मागे काय उरेल? आर्कानमागे काही उरलं नाही. टोपोलात निदान मैदानं आहेत, अकादमी आहे, पोरं आहेत.

पोरांवरून आठवलं. पैसा यायच्या कितीतरी आधी या चिमुकल्या गावाने दोन माणसं दिली होती. एक निकोला झिगिच, उंची दोन मीटर दोन सेंटिमीटर, ज्याने 2011 च्या लीग कप फायनलमध्ये बर्मिंगहॅमकडून आर्सेनलला गोल घातला. दुसरा दुशान तादिच. 2019 मध्ये आयाक्सने रियल माद्रिदला त्यांच्याच घरात 4–1 ने लोळवलं, त्या रात्री भर गर्दीत गर्रकन फिरून पास देणारा आणि मग वरच्या कोपऱ्यात बॉल ठेवणारा तो तादिच. दोघेही सर्ब, दोघेही हंगेरियन बहुसंख्य टोपोलाचे, दोघांची सुरुवात त्या एआयकेच्या मैदानावर. कुणाच्या मतांचं गणित त्यात नव्हतं.

क्लबची चढण मात्र पैशाने वेगात झाली, हे कबूल. 2019 मध्ये सुपरलिगामध्ये, म्हणजे सर्बियाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आले, पहिल्याच सीझनला चौथे. मग ऑगस्ट 2020 मधली ती वेडी मॅच, युरोपा लीगच्या पात्रता फेरीत, रोमानियाच्या एफसीएसबी क्लबशी. कोविडमुळे एकाच मॅचचा निकाल, प्रेक्षक नाहीत, स्वतःचं स्टेडियम तयार नाही म्हणून सेंटा गावात खेळ. स्कोअर 6–6! पेनल्टीवर 5–4 ने हरले. हायलाइट्स बघा, डिफेन्डिंग बघून हसू येईल, पण बघा. 2022–23 मध्ये प्रशिक्षक झार्को लाझेतिचच्या हाताखाली ते दुसरे आले, पार्टिझानच्या दोन जागा वर. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत ब्रागाने त्यांना दोन मॅचमध्ये मिळून 7–1 असं धुतलं, तेही सांगायला हवं. मग युरोपा लीगच्या गटात सहा मॅचमध्ये एक पॉइंट. तो एक पॉइंट ऑलिम्पियाकोसशी 2–2 बरोबरीचा, आणि तोच ऑलिम्पियाकोस पुढच्या मे महिन्यात कॉन्फरन्स लीग जिंकला.

30 नोव्हेंबरला वेस्ट हॅम टोपोलात आलं. प्रीमियर लीगचे खेळाडू, आजूबाजूला मका-गव्हाची शेती असलेल्या गावात. मी पुन्हा मोबाइल धरून बसलो, या वेळी त्या मित्राला मुद्दाम लिंक पाठवली. अठ्ठ्याऐंशी मिनिटं 0–0. मित्राचा मेसेज आला, "लेका, हे काढतायत की!" आणि तेवढ्यात वेस्ट हॅमच्या सूचेकने गोल केला.