‘एकाही बाईला भेटला नाहीत, मग कसल्या विश्वस्त?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

आधी तुमच्या पुतणीबद्दल. प्रतिक्रियेत तुम्ही तिचं गाव, सासरचं आडनाव आणि ती सध्या कुणाकडे राहतेय हे लिहिलं होतं. तेवढ्या ओळी मी काढून टाकल्या आहेत. माझ्यावरची टीका जशीच्या तशी ठेवली आहे. तुम्ही तळमळीनेच लिहिलंत, पण हे पान तिच्या सासरचं कुणीही वाचू शकतं.

तिला आज मदत हवी असेल तर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. जीवाला धोका वाटला तर सरळ 112. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जायला आधी पोलिसांत तक्रार केलेली असावी लागत नाही. आणि घर नवऱ्याच्या नावावर नसून सासऱ्याच्या नावावर असलं, तरी ती जिथे नांदली त्या घरातून तिला कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. ‘घर आमचं आहे, निघ’ हे वाक्य ऐकून पुष्कळ बायका त्याच रात्री निघतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या. तुम्ही तिच्या पाठीशी आहात एवढं तिला कळू द्या.

आता तुमचा आक्षेप. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, हिंसाचार आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या प्रौढ माणसांसाठी काम करणाऱ्या सांगलीतल्या एका ट्रस्टवर मी विश्वस्त आहे, मानधन घेत नाही, आणि तिथे मदतीला येणाऱ्या एकाही व्यक्तीशी माझं बोलणं झालेलं नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत, “ताई, राग मानू नका. पण ज्यांच्या नावाने ट्रस्ट चालतो त्यातली एकही बाई तुम्ही पाहिली नाही. तीन महिन्यांनी जमायचं, चहा घ्यायचा, सह्या करायच्या, याला समाजसेवा म्हणायचं का? सोसलेल्यांनाच विश्वस्त का करत नाही? आणि देणगीदाराने पैसा कुठे गेला ते बघायचं कसं, एक फोटोसुद्धा नाही.”

राग अजिबात नाही. प्रश्न योग्य आहेत. पण पहिल्याच ठिकाणी माझं तुमच्याशी पटत नाही.

मी भेटत नाही ते ठरवून, आणि तसा आमच्या ट्रस्टचा ठराव आहे. सांगली-मिरजेत आपण सगळे एकमेकांच्या किती जवळ राहतो ते तुम्हाला ठाऊक आहे. बँकेत, दवाखान्यात, हळदीच्या पेठेत, लग्नाच्या पंगतीत तीच माणसं पुन्हा पुन्हा समोर येतात. एखादी बाई समुपदेशकाजवळ जे बोलते ते तिने आईलाही सांगितलेलं नसतं. मी त्या खोलीत नुसती बसून गेले आणि पुढच्या महिन्यात एका साखरपुड्यात तिच्या आत्याशेजारी तिला दिसले, तर मी एक शब्दही न बोलता तिच्या पोटात गोळा येईल. मग ती पुन्हा केंद्रावर येईल का? तिची गोष्ट मला ठाऊक असण्याने तिचं काय भलं होणार आहे? आपल्या अंगावर काय झालं हे कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, निदान एवढं तरी तिच्या हातात राहायला हवं. बाकी बहुतेक गोष्टी दुसऱ्यांनीच ठरवलेल्या असतात. हरभट रोडवर ती माझ्या शेजारून गेली तरी दोघींना काही कळू नये, असंच आम्हाला हवं आहे.

कायदाही हेच सांगतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांमधला सोळावा नियम म्हणतो की, बाईची इच्छा असेल तर निवारागृहाने ती तिथे असल्याचं कुणाला कळवायचं नाही, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तर नाहीच. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडित व्यक्तीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा नसता तरी आम्ही असंच वागलो असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याकडून हिंसाचार झाल्याचं सांगितलं. आणि देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसाचार सोसलेल्या बायकांपैकी कुणाचीतरी मदत मागितलेल्या जेमतेम 14 टक्के. उरलेल्या का येत नाहीत याची कारणं अनेक आहेत, पण ‘गावभर होईल’ ही भीती त्यात फार वर आहे. आमच्याकडे आलं की गावभर होत नाही, हे लोकांना वर्षानुवर्षं पटत जावं लागतं, आणि ते मोडायला एक विश्वस्त पुरतो.

मग आम्ही करतो काय? सह्या करतो, खरं आहे. चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीत झालेल्या बदलाची माहिती, नव्वद दिवसांत धर्मादाय ऑफिसात गेला का, ऑडिट वेळेत झालं का, मुदत ठेवी कुठे आहेत, हे बघावंच लागतं. 1950 च्या विश्वस्त कायद्याने ही जबाबदारी आमच्यावर टाकली आहे, आणि कुचराई केली तर विश्वस्ताला पदावरून काढताही येतं. पण खरं काम दुसरीकडे आहे.

एक काम म्हणजे फोन. एखादी बाई केंद्रावर आली आणि तिच्या घरचं माणूस वजनदार असलं, की दोन-चार दिवसांत कुणाचा ना कुणाचा फोन येतो. बोलणारा कधी पतसंस्थेचा असतो, कधी कारखान्याच्या राजकारणातला, कधी आमच्याच एखाद्या देणगीदाराचा व्याही. “ताई, घरचं प्रकरण आहे, बसून मिटवून टाकू. पोरीला समजावा. संस्थेचंही नाव खराब व्हायला नको.” हा फोन पगारावर काम करणाऱ्या पंचविशीतल्या कार्यकर्तीला आला तर तिने काय करायचं? तिचा भाऊ त्याच कारखान्यात कामाला असू शकतो. म्हणून असे सगळे फोन विश्वस्तांकडे वळवायचे असा आमचा नियम आहे, आणि आम्ही एकच उत्तर देतो: असं कुणी आमच्याकडे आहे की नाही, हे आम्हाला माहीत नाही. आणि दादा, ते खरं असतं. मला नावं माहीत नसतात म्हणूनच मी हे वाक्य शांतपणे म्हणू शकते. मला माहीत असतं तर माझ्या आवाजातून समोरच्याला कळलं असतं. तुम्ही ज्याला अलिप्तपणा म्हणता, त्याचा उपयोग असा होतो. अशा फोननंतर देणगी थांबते कधीकधी. ती थांबू द्यायची हेसुद्धा विश्वस्तांनीच ठरवायचं असतं, कारण ते कर्मचाऱ्यांच्या हातात नसतं.

यातून एक पेच उभा राहतो आणि तुम्ही तो विचारला असतात तर मला आवडलं असतं. विश्वस्ताला नावं कळायची नाहीत, तर त्याच्याच नात्यातलं प्रकरण आलं की काय? त्यासाठी आम्ही प्रत्येकाने आपले जवळचे नातेवाईक, भागीदारीचे धंदे, ज्या संस्थांवर आपण आहोत त्या, हे सगळं लिहून समन्वयक बाईंकडे दिलेलं आहे. नवीन व्यक्ती आली की त्या ती यादी बघतात. कुठे जुळलं तर त्या व्यक्तीला तसं सांगून, तिला हवं असेल तर, दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेशी जोडून दिलं जातं. आमच्यापैकी कुणाच्या यादीवरून असं झालं हे आम्हाला कधीच कळत नाही.

लोकांना न बघताही संस्था मात्र डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. 2018 मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं ते आठवत असेल. संस्था नोंदणीकृत होती, सरकारी अनुदानावर चालत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या गटाने पाहणी केली नसती तर आत काय चाललंय ते बाहेर आलं नसतं. 2020 मध्ये संस्थाचालकाला मरेपर्यंत जन्मठेप झाली. तिथे लहान मुली होत्या, आमच्याकडे प्रौढ माणसं येतात, पण आसऱ्याला आलेलं माणूस मुळात परावलंबी असतं, आणि ज्याच्या हातात किल्ल्या त्याच्या हातात सत्ता. म्हणून आमच्या बैठकीत विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. रात्रपाळीला एकटं कुणी असतं का? खोल्यांना आतून कडी आहे का? कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार करायची तर ती त्याच कर्मचाऱ्याच्या हातून जाते की थेट विश्वस्तांकडे येते? या तीन महिन्यांत किती जण अचानक निघून गेले, आणि का, हे कुणी विचारलं का? दोन विश्वस्त आगाऊ न कळवता निवाऱ्यात जातात आणि इमारत, स्वयंपाकघर, नोंदवह्या बघून येतात. ज्यांना बोलायचं असेल त्यांच्याशी बोलतात, कुणाला बोलतं करत नाहीत. मी त्या दोघांत नाही, माझ्याकडे हिशेब आहेत.

हिशेबांवरून तुमचा टोला होता की ‘निम्म्याहून जास्त पगारावर जातं’. जातं, आणि जायलाच हवं. हे काम माणसाने माणसाशी बोलून करायचं आहे. धान्यवाटपाच्या ट्रस्टमध्ये पैसा धान्यावर जातो, इथे तो समुपदेशकावर जातो. दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्या मुलीला वेळेवर पगार, भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी आणि तिचं स्वतःचं मन मोकळं करायला बाहेरची अनुभवी मार्गदर्शक हे सगळं मिळालं नाही तर ती वर्षभरात सोडून जाते. मग जिने तिच्याजवळ सगळं सांगितलं होतं, तिला नव्या माणसासमोर पहिल्यापासून सांगावं लागतं. पगार वाचवल्याची किंमत अशी दुसरंच कुणीतरी मोजतं.

फोटोबद्दल. पाठमोरे, चेहरा धूसर केलेले फोटोही आम्ही छापत नाही. साडीच्या काठावरून, हातावरच्या गोंदणावरून घरचं माणूस ओळखतं. तुम्हाला पैशाचा माग हवा असेल तर ऑडिट रिपोर्ट मागा, खर्चाची बाब न् बाब दाखवते. व्हाउचरवरही नावाऐवजी क्रमांक असतो आणि ते ऑडिटरना मान्य आहे. देणगीदाराला हिशेबाचा पूर्ण हक्क आहे. चेहऱ्याचा नाही.

राहिला तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, सोसलेल्यांनाच विश्वस्त करण्याचा. इथे मी तुमच्या बाजूची आहे. या जिल्ह्याने ते आधी करून दाखवलेलं आहे. कासेगावच्या स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकरांबरोबर नवऱ्याने टाकलेल्या बायका स्वतःच्या हक्कासाठी स्वतः उभ्या राहिल्या. वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही संघटना सांगलीतल्याच बायकांनी चालवली. त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणी बोलावं ही वेळ त्यांनी येऊ दिली नाही. पण ट्रस्टच्या बाबतीत एक अडचण आहे. विश्वस्ताचं नाव-पत्ता धर्मादाय ऑफिसात द्यावा लागतो आणि त्या नोंदीची नक्कल मागता येते. जिचा नवरा अजून तिला शोधतो आहे, तिचं नाव आम्ही त्या नोंदवहीत कसं घालायचं? शिवाय ‘या आमच्या अत्याचारग्रस्त विश्वस्त’ अशी ओळख कुणाला चिकटवायची नाही. म्हणून सध्या सल्लागार गट आहे. त्यात पूर्वी मदत घेतलेली माणसं आहेत, त्यांची नावं बाहेर जात नाहीत, आणि निवाऱ्याचे नियम त्यांना विचारल्याशिवाय बदलत नाहीत. माझ्या मते हे पुरेसं नाही. त्यांना मताचा अधिकार हवा, ट्रस्टच्या घटनेत तशी दुरुस्ती हवी, आणि ती मी पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. विश्वस्तांपैकी कुणी स्वतः सोसलेलं असेलही. ते आम्ही विचारत नाही.

जाता जाता, तुम्ही सगळीकडे ‘बायका’ लिहिलंत. बहुसंख्य बायकाच येतात, पण मुलाने हात उगारला म्हणून आलेले सत्तरीतले आजोबा असतात, आणि लहानपणी झालेलं चाळिशीत पहिल्यांदा बोलणारे पुरुषही असतात. ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आहे, प्रांत ऑफिसात अर्ज करता येतो. प्रौढ पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला तर मात्र नव्या न्याय संहितेत त्यासाठी वेगळं कलमच उरलेलं नाही. अशा माणसाला निदान ऐकून घेणारी एक खोली तरी हवी. तिचं भाडं वेळेवर भरलं जावं हेही आमचंच काम.

तुम्ही जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालात असं लिहिलंय. आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. अर्जासोबत दोन ओळखीच्या माणसांची पत्रं, गोपनीयतेचं हमीपत्र आणि मी वर सांगितलेली नातेवाइकांची यादी द्यावी लागेल. मुदत तीन वर्षांची, सलग दोनदाच. बैठका कराडहून येणाऱ्याला जमतील अशा शनिवारी दुपारी असतात. नियम पटले नाहीत तर बैठकीत भांडा आणि तुमचं विरोधी मत इतिवृत्तात लिहून घ्या. अर्जाचा नमुना मेलवर पाठवते, उत्तर सावकाश द्या.