माळ्यावर ठेव म्हणे!

"गणपती-दिवाळीची सजावट टाकतेस कशाला? ठेव माळ्यावर, पुढच्या वर्षी होईल!" अहो, कुठला माळा? वन रूम किचनमधला तो पोटमाळा, जिथे आधीच गाद्या, पितळी पातेली आणि कुणाच्या तरी लग्नातल्या सुटकेसा कोंबल्यात? माहीमच्या कंदील गल्लीतून हौसेने आणलेला कंदील तिथे गोल शिरतो, पापड होऊन निघतो. लोहार चाळीतल्या दिव्यांच्या माळांचं तर विचारूच नका! पुठ्ठ्यावर नीट गुंडाळा, रबर लावा. वर्षभरात रबर वितळून वायरला चिकटलेलं आणि अर्धे दिवे मेलेले. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, बरंच झालं म्हणा. पण गणपतीचं ते 'घडीचं मखर' एकदा उघडल्यावर पुन्हा घडी झालंय कुणाचं? वर सल्ला, झाकणाचे मोठे डबे घ्या! त्या पैशात नवा कंदील येतो, बाई!