थंड हवेच्या गावात उष्माघात कसा साधावा

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि जुनी माणसे त्याला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत आली आहेत. एवढे दोन भक्कम पुरावे हाती असताना एप्रिलच्या दुपारी छत्री उघडून खडेबाजारातून जाणे म्हणजे पूर्वजांचा उघड अपमान होय. ज्या वाचकांना या उन्हाळ्यात उष्माघात साधायचा आहे, त्यांनी या श्रद्धेपासूनच सुरुवात करावी.

हवामान खाते सपाट प्रदेशात पारा 40 अंशांवर पोचल्याखेरीज उष्णतेची लाट मानत नाही. त्यामुळे 38 अंशांची दुपार ही लाट नसून केवळ 'जरा जास्त ऊन' ठरते. शरीराला हा नियम ठाऊक नसतो, हा त्याचा अडाणीपणा. स्वतःला 37 अंशांच्या आसपास राखण्यासाठी ते घाम वाळवण्यावर विसंबून असते, आणि हवेत ओल असली की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. अथणीच्या रखरखीत उन्हाचा उगाच गवगवा होतो; वळवाआधीची आपली ढगाळ, कोंदट दुपार साधकाला काही कमी फळ देत नाही. शिवाय उन्हाची सवय लागायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून कष्टाचे काम पहिल्याच कडक दिवशी, तेही एकदम, सुरू करावे.

2025 च्या उन्हाळ्यात कलबुर्गी विभागात आणि विजयपूर-बागलकोट जिल्ह्यांत सरकारी कचेऱ्यांची वेळ सकाळी 8 ते दुपारी 1.30 केली होती. असले लाड आपण मागू नयेत. (स्लॅब ओतणारे गवंडी आणि निपाणीकडे पत्र्याखाली बिड्या वळणाऱ्या बायका यांच्यासाठी घड्याळ तिकडेही कोणी बदलले नव्हते, तेव्हा फार हेवा वाटून घेण्याचे कारण नाही.)

खरी पर्वणी मात्र मे महिन्यातली लग्नसराई. मुहूर्त बाराच्या पुढचा धरावा, मांडवावर पत्रा घालावा, नवऱ्या मुलाला तीन पदरी सूट चढवावा आणि वरात बँडसह भर रस्त्यावर तासभर नाचवावी. खानापूर रस्त्यावरची जुनी झाडे रुंदीकरणात गेल्यामुळे सावलीत थांबण्याचा मोह आता तसाही होत नाही. आजीला पुढच्या रांगेत बसवावे आणि पाणी विचारू नये, कारण तहान लागली तर ती मागेलच. वय वाढले की तहानेची जाणीवच मंदावते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे अंगातले पाणी आणखी कमी करतात, हे डॉक्टरांनी सांगितले असेल. पण लग्नघरात डॉक्टरांचे कोण ऐकतो? ताक, आंबील, कोकम सरबत हे खेडवळ प्रकार पंगतीत ठेवू नयेत. गार बिअर चालेल. ती अंगातले पाणी बाहेर काढण्यास मदतच करते.

एवढे केल्यावर मामा कधीतरी बरळू लागतील, त्यांचा तोल जाईल, अंग तव्यासारखे तापेल. आतले तापमान 40 अंशांपुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे आणि हृदय एकामागून एक हात टेकू लागतात. या क्षणी त्यांना सावलीत नेणे, कपडे सैल करणे, अंगावर पाणी ओतून वारा घालणे, मानेला आणि काखेत बर्फ लावणे किंवा 108 ला फोन करणे कटाक्षाने टाळावे, कारण त्याने मामा वाचण्याचा धोका असतो. त्याऐवजी भोवती कडे करून वारा अडवावा, नाकाला कांदा लावावा आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतावे, म्हणजे ते श्वासनलिकेत जाईल. तापाची गोळीही द्यावी. उष्माघाताच्या तापावर ती चालत नाही, पण काहीतरी केल्याचे समाधान मिळते. जेवणे उरकल्यावर गाडी काढावी.

दाखल्यावर बहुधा 'हृदयक्रिया बंद पडल्याने' असे येईल. उन्हाचे नाव कोठेही लागणार नाही, आणि आपले गाव पुढच्या वर्षीही थंड हवेचे म्हणून मिरवेल. अंत्ययात्रा दुपारी दीडला ठेवावी. मुंबईची पाहुणेमंडळी संध्याकाळच्या गाडीने परतणार आहेत.