रुमालाचं आरक्षण

परवा आईला घेऊन गावाहून एसटीने आलो. गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक खिडक्यांना लोंबकळले. रुमाल, टोपी, पिशवी, एकाने तर चार वर्षांचं पोरगंच खिडकीतून आत सोडलं.

आई सत्तरीची, गुडघे गेलेले. आम्ही चढलो तेव्हा 'ज्येष्ठ नागरिकांसाठी' लिहिलेल्या सीटवर दोन कॉलेजची पोरं मोबाइलमध्ये. शेजारच्या रांगेत मात्र एक सीट रिकामी, आणि तिच्यावर निळ्या चौकड्यांचा मळका रुमाल. पाच-सहा जणांनी विचारलं, "कोणी आहे का इथं?" आणि उत्तर न मिळताही पुढे सरकले. मालक पाच मिनिटांनी वडापाव संपवून आला, रुमाल झटकला आणि बसला. कोणाची हरकत नाही!

भिंतीवर रंगवलेलं आरक्षण कोणी वाचत नाही आणि रुमालाचं कोणी मोडत नाही. कारण सरळ आहे, रुमालवाला येऊन भांडणार हे सगळ्यांना माहीत असतं. म्हातारी भांडणार नाही, हेही. कंडक्टरला दोष देण्यात अर्थ नाही, साठ माणसांची तिकिटं फाडायची की पंचायत करत बसायचं?

स्वातंत्र्यसैनिकांच्या सीटवर आता कोण बसणार? ४२ साली सतरा वर्षांचा असलेला माणूसही आज शंभरीत आहे. आणि आमदार-खासदारांची सीट! मी तरी आजवर एसटीत आमदार पाहिला नाही. आलाच, तर अख्खी गाडी उठून उभी राहील, त्याला पाटी कशाला लागते?

मागून एक काका बोललेच, "हाफ तिकीट घ्यायचं, वर सीटपण पाहिजे." ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट झाला, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, तेव्हापासून हे वाक्य दर फेरीला ऐकू येतं. अहो, सवलत भाड्यात आहे, गुडघ्यात नाही.

शेवटी मी पोरांना सांगितलं. लगेच उठली, वाईट नव्हती बिचारी. "काकू, आधी सांगायचं ना," म्हणाली. पण सांगावं लागू नये म्हणूनच तर ती पाटी लावलीय ना? आई उगाच ओशाळून बसली, सीटच्या अगदी कडेला, पूर्ण टेकलीसुद्धा नाही.

उतरल्यावर रिक्षात बसता बसता म्हणाली, "पुढच्या वेळी खिडकीतून माझी पिशवी टाक रे."